संत्र्याच्या मऊ कुकीजचे सहा घाणे

माझ्या सासूबाई माळकरी आहेत. अंडे त्यांना चालत नाही आणि ज्या भांड्यात अंडे फेटले आहे त्या भांड्यातले काहीही त्या तोंडाला लावत नाहीत. जानेवारीत माझी मुलगी पुण्याहून आली तेव्हा तिने मैत्रिणीच्या घरी केलेल्या संत्र्याच्या मऊ कुकीज डब्यात भरून आणल्या होत्या. सासूबाईंनी झाकण उघडून वास घेतला, "आत्ता सोलल्यासारखा वास येतोय की गं," असे म्हणाल्या, मग यात अंडे आहे का, असे नातीला विचारले आणि उत्तर ऐकून झाकण लावून डबा तिच्याकडे सरकवला. त्याविषयी पुढे त्यांनी एक अक्षरही काढले नाही. मला मात्र ते झाकण लावणे दिवसभर आठवत राहिले. अंड्याशिवायच्या, खरोखर संत्र्याच्या वासाच्या आणि त्यांना चहात न बुडवता खाता येतील इतक्या मऊ कुकीज आपण घरीच करायच्या, असे मी त्याच संध्याकाळी ठरवले. चहात न बुडवता हे विशेष महत्त्वाचे होते, कारण त्यांच्या दाढा गेल्यापासून बिस्कीट म्हणजे बशीतल्या चहात भिजवून चमच्याने खायची वस्तू, असे होऊन बसले होते.

आमच्या घराला भट्टीतल्या पदार्थांची सवय नाही असे नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहणाऱ्या अनेक घरांप्रमाणे आम्हीही दिवाळीच्या आधी मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत जातो, किलोमागे भाजण्याची मजुरी देतो आणि पत्र्याचे डबे भरून नानकटाई घरी आणतो. सासूबाई तुपाचे प्रमाण हाताने मुटका वळून ठरवतात आणि त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही. म्हणूनच मला वाटले होते की नानकटाई जमते त्या घरात कुकीज जमायला फार वेळ लागणार नाही. हा समज पहिल्याच रविवारी मोडला. नानकटाईत पाण्याचा अंश जवळजवळ नसतो. तूप म्हणजे निव्वळ स्निग्धांश, तो मैद्याच्या कणांवर पसरतो, पिठात चिवटपणा धरू देत नाही आणि त्यामुळे नानकटाई खुसखुशीत होऊन तोंडात विरघळते. मऊ कुकीचे गणित याच्या अगदी उलट आहे. तिच्यात ओलावा हवा, तो भाजल्यानंतरही आत टिकायला हवा, आणि तरीही तिचा केक होता कामा नये. विकतच्या लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असते, हे मी तोपर्यंत कधी लक्षातच घेतले नव्हते. या प्रकारात मात्र त्याचा हिशेब धरावा लागतो.

पहिल्या घाण्यात मी सर्वांत सोपा विचार केला. संत्र्याची चव हवी तर संत्र्याचा रस घालावा, म्हणून दुधाऐवजी पाऊण वाटी ताजा रस घातला. पीठ सैल झाले म्हणून मैदा वाढवला. मैदा वाढला म्हणून साखर वाढवली. भाजून निघाल्या त्या लहान, फुगीर, पांढुरक्या वड्या. मऊ होत्या, पण तो मऊपणा बेकरीतल्या स्वस्त केकचा होता, आणि संत्र्याचा वास तर नाक लावूनही येत नव्हता. मुलीने डोळे मिटून एक खाल्ली आणि "दुधाची आहे का?" असे विचारले. रसात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, त्या पाण्याने मैद्याला चिवटपणा येतो, आणि रसातल्या आम्लामुळे वरचा भाग तांबूस व्हायलाही वेळ लागतो. एवढे सगळे सोसून पदरात पडते ते थोडीशी गोडी आणि त्याहून थोडा आंबटपणा.

वास सालीत असतो. खरे तर ही गोष्ट आपल्याला सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत संत्र्याची साल दुमडून शेजारणीच्या डोळ्यांत तिची पिचकारी मारलेली नाही अशी मुलगी आमच्या वर्गात नव्हती. दिवाळीत पणतीच्या ज्योतीजवळ साल पिळली की तडतडून बारीक ठिणग्या उडतात, तेही आम्ही करत असू. डोळ्यांत झोंबणारा आणि ज्योतीवर पेटणारा तो पदार्थ म्हणजे सालीच्या नारिंगी थरातल्या सूक्ष्म पिशव्यांमधले तेल. लिमोनीन हा त्याचा मुख्य घटक. तो पाण्यात विरघळत नाही, लोण्यात आणि साखरेत मात्र उत्तम मुरतो. त्या नारिंगी थराच्या लगेच खाली पांढरा, कापसासारखा थर असतो आणि तो कडू असतो. दोन्ही थर मिळून सालीची जाडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर भरते. त्यातला वरचा भाग तेवढा घ्यायचा आणि खालच्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे या पदार्थातले सर्वांत नाजूक काम आहे.

दुसऱ्या घाण्यासाठी मी कपिलतीर्थ मार्केटमध्ये गेले. सालीसाठी फळ निवडायचे म्हणजे रसासाठी निवडतो तसे हाताने तोलून चालत नाही. परदेशी पाककृतींत ज्या संत्र्यांची साल किसायला सांगितलेली असते त्यांची साल जाड आणि गराला घट्ट चिकटलेली असते. आपले नागपुरी संत्रे ढिल्या सालीचे. सोलायला सोपे हाच त्याचा मोठा गुण, पण किसणीवर धरले की साल आत दबते, सुरकुतते आणि फाटते. मोसंबीची साल घट्ट असते, पण तिचा वास मंद. कागदी लिंबाची साल नावाप्रमाणेच कागदासारखी. तिचा वास उत्तम, परंतु किसणी दोनदा फिरवली की पांढरा थर लागतो. पंजाबातून येणारा किन्नू या बाबतीत मधला. कॅलिफोर्नियात दोन जातींच्या संकरातून तयार झालेले आणि 1935 मध्ये लागवडीसाठी दिले गेलेले हे फळ आपल्याकडच्या संत्र्यापेक्षा घट्ट सालीचे असते, मात्र फेब्रुवारी सरता सरता ते बाजारातून कमी होते आणि पुष्कळदा त्यावर मेणाचा हात दिलेला असतो. मी एकेक संत्रे उचलून सालीवर अंगठा दाबून पाहत होते, तेव्हा फळवाल्या मावशींनी विचारले, "वैनी, रसाला पायजेत का खायाला?" सालीसाठी हवीत असे सांगितल्यावर त्यांनी ढिगाच्या खालून चार बाजूला काढली आणि म्हणाल्या, "मग ही न्या. कालच उतरलीत, साल अजून अंगाला हाय." त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. संत्रे ताजे असताना साल फोडींना धरून असते, आणि फळ चार-पाच दिवस पडून राहिले की ती सुटत जाते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येणारी मृग बहाराची संत्री या कामाला मला फार चांगली वाटली.

फळ उत्तम मिळाले आणि मी ते वाया घालवले. किसत बसण्यापेक्षा साल सोलून, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून, साखरेबरोबर मिक्सरमध्ये फिरवावी असा विचार मी केला. त्यासाठी चटणीचे लहान भांडे घेतले. भांडे घासूनपुसून स्वच्छ होते, परंतु त्याच भांड्यात आमच्याकडे कांदा-लसूण चटणी वाटली जाते, आणि लसणाचा वास झाकणाच्या रबरात किती खोल जाऊन बसतो हे मला त्या दिवशी कळले. साखर नारिंगी आणि ओलसर झाली होती, दिसायला सुरेख होती, पण हुंगली की आधी संत्रे आणि मागोमाग लसूण असा वास येत होता. भाजताना हा वास उडून जाईल या आशेवर मी पुढे गेले. तो गेला नाही. शिवाय खरवडूनही पांढरा थर पुरता निघालेला नव्हता, त्यामुळे घास गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवटपणा राहत होता. त्या दिवशीच्या वीस कुकीज आम्ही खाल्ल्या नाहीत. अन्न टाकणे माझ्या जिवावर येते, आणि इतक्या चांगल्या संत्र्यांचे असे व्हावे याचे मला फार वाईट वाटले.

यानंतर मी मिक्सरचा विचार सोडून दिला आणि देवघरातल्या कपाटातून जायफळाची किसणी काढली. पुरणासाठी आणि श्रीखंडासाठी वर्षातून चार-पाचदा हाती येणारी ही बारीक दातांची किसणी संत्र्याच्या सालीसाठी मला सर्वांत योग्य वाटते. मोठ्या भोकांची गाजराची किसणी खोल जाते आणि पांढरा थर ओरबाडते. रीत अशी आहे. संत्रे कोमट पाण्यात धुऊन, खरखरीत कापडाने रगडून अगदी कोरडे करायचे. न सोलता, अख्खे, डाव्या हाताच्या पाचही बोटांनी असे धरायचे की किसणीखाली येणारी साल बोटांच्या ताणाने फोडींवर बसलेली राहील. देठाजवळ नागपुरी संत्र्याला जो उंचवटा असतो तिथली साल सर्वांत ढिली असते, तो भाग सोडून द्यायचा. संत्रे किसणीवर एकदाच पुढे न्यायचे, मागे घासायचे नाही, आणि लगेच फळ थोडे फिरवायचे. किसलेल्या जागी फिकट पिवळा रंग दिसला की तिथले काम संपले. तिथे पुन्हा किसणी लावली की कडवटपणा आलाच. एका संत्र्यातून अशा रीतीने जेमतेम दीड-दोन लहान चमचे कीस निघतो. किसणीच्या मागच्या बाजूला चिकटलेला ओला कीस झटकून न टाकता तो साखरेनेच पुसून घ्यावा, कारण तेल सर्वांत जास्त तिथेच असते.

मग हा कीस साखरेत घालून बोटांच्या टोकांनी चोळायचा. पाककृती वाचताना ही पायरी मला उगाचची वाटली होती, आता मी तिच्याशिवाय पुढे जात नाही. साखरेचे कण धारदार असतात, ते सालीतल्या तेलाच्या उरलेल्या पिशव्या फोडतात आणि बाहेर आलेले तेल स्वतःवर ओढून घेतात. पहिल्या मिनिटाला काहीच घडत नाही. दुसऱ्या मिनिटाला साखर बोटांना चिकटू लागते. चार मिनिटांनी तिचा पोत समुद्रकाठच्या ओल्या वाळूसारखा होतो, रंग हळदीच्या पाण्यासारखा फिकट पिवळा दिसतो, आणि वास स्वयंपाकघर ओलांडून सोप्यात जातो. सासूबाई त्या वेळी सोप्यात हरिपाठ म्हणत होत्या. त्यांनी म्हणणे थांबवले नाही, पण संपल्यावर उठून आत आल्या आणि परातीत डोकावून पाहिले.

तिसऱ्या घाण्याला अशा रीतीने चव साधली, आकार मात्र हातचा गेला. मार्च लागला होता आणि दुपारच्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात 33 अंश तापमान होते. लोणी 32 ते 35 अंशांच्या दरम्यान पुरते वितळते, आणि साखरेबरोबर फेसण्यासाठी ते 18 ते 20 अंशांच्या आसपास असावे लागते. मी ते बाहेर ठेवून नरम करण्याच्या नादात जवळजवळ तेलच करून ठेवले होते. ट्रेवर ठेवलेले गोळे पाच मिनिटांत पसरून एकमेकांना मिळाले, कडा करपल्या आणि मध्यभाग ओला राहिला. हा सगळा दोष लोण्याचा आहे असे मला वाटले होते, परंतु शेजारच्या काकूंनी त्यांचा भट्टीत ठेवायचा तापमापक आणून दिला तेव्हा दुसरे कारण सापडले. माझ्या ओव्हनचा काटा 180 वर असताना आत 205 अंश भरत होते. घरगुती ओव्हनच्या आकड्यावर विसंबून केलेला कोणताही अंदाज किती डळमळीत असतो, हे मला तेव्हा पटले. आता मी काटा 150 वर ठेवते आणि आतले तापमान 170 ते 175 च्या दरम्यान आले आहे हे पाहिल्याशिवाय ट्रे आत सरकवत नाही. हा तापमापक मी पुढे स्वतःसाठीही घेतला. कुकीजसाठी नवीन काही विकत घ्यायचे असेल तर साच्यांच्या आणि चमच्यांच्या संचाआधी हा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथ्या घाण्यात मी गोळे तासभर फ्रीजमध्ये ठेवले. आकार छान आला, रंग सोनेरी आला, आणि तोच रंग घात करून गेला. नानकटाई तांबूस झाली की भट्टीतून काढायची, ही वर्षानुवर्षांची नजर माझ्या अंगात मुरलेली आहे. त्याच नजरेने मी या कुकीज सोळा मिनिटे भाजल्या. गरम असताना त्या मऊ लागल्या. संध्याकाळी सासूबाईंनी त्यातली एक हातात घेऊन बशीच्या काठावर आपटली, टक असा आवाज आला, आणि त्यांनी ती चहात बुडवली.

पाचवा घाणा मी अंड्याच्या जागी काय घालायचे या प्रश्नासाठी राखून ठेवला होता. अंडे कुकीत तीन कामे करते. ओलावा देते, पिवळ्या बलकामुळे लोणी आणि पाणी एकजीव ठेवते आणि भाजताना घट्ट होऊन बांधणी करते. दूध घातले तर फक्त ओलावा मिळतो. साधे दही पाणी सोडते. श्रीखंडासाठी टांगून ठेवलेल्या दह्याचा चक्का मात्र मला मनासारखा वाटला, कारण त्यात पाणी कमी, प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर, आणि त्याचा मऊसर आंबटपणा संत्र्याला शोभतो. याच घाण्यात मी पांढऱ्या साखरेतली थोडी कमी करून गुळाची पावडर घातली. कोल्हापुरात राहून गूळ न घालणे मला जमले नसते. आपल्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि शाहूपुरीच्या गूळ बाजाराचा वास आम्ही लहानपणापासून ओळखतो. पण त्यामागे निव्वळ जिव्हाळा नव्हता. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा काही अंश असतो आणि या शर्करा हवेतला ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे कुकी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहते. मात्र साठ ग्रॅम गूळ घातल्यावर संत्रे मागे पडले आणि सगळी चव गुळपापडीच्या दिशेने गेली. वीस ग्रॅमवर आल्यावर दोन्ही नांदू लागले.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी हाती आल्या. पहिली रसाची. रस पूर्ण टाळण्याऐवजी तो आटवून घालावा, म्हणजे पाणी उडून गोडी आणि रंग राहील, असा विचार करून मी घरात होता तो मोसंबीचा रस आटवला. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो, म्हणून आजाऱ्यालासुद्धा तो लगेच प्यायला देतात, हे घरोघरी माहीत असते. उष्णतेने ती क्रिया अधिक वेगाने होते, हे मला चमचाभर चाटून पाहिल्यावर समजले. रस काढला तेव्हा चव न जाणवणारा एक घटक आम्लाच्या सान्निध्यात लिमोनिन या कडू पदार्थात बदलतो (सालीच्या तेलातले लिमोनीन वेगळे). नागपुरी संत्र्याचा रस आटवला तेव्हा मला कडवटपणा लागला नाही, म्हणून आटवायला मी संत्र्याचाच रस घेते. दुसरी गोष्ट सोड्याची. चक्का आणि रस दोन्ही आंबट, तेव्हा सोडा थोडा जास्त चालेल असे समजून मी अर्धा चमचा घातला. कुकीज तपकिरी झाल्या, साबणासारखी किंचित खारट चव आली आणि संत्र्याचा आंबटपणा तर पुसलाच गेला. सोडा आम्लाशीच झुंजतो, त्यामुळे पिठात घातलेला आंबटपणा भट्टीतून बाहेर येईपर्यंत उरत नाही. तो हवा असेल तर भाजून झाल्यावर वरून द्यावा लागतो.

सहाव्या रविवारी मी सकाळी सहाला कामाला लागले, कारण त्या वेळी स्वयंपाकघर थंड असते. दोन संत्र्यांचा आणि एका कागदी लिंबाचा कीस 110 ग्रॅम साखरेत चोळून अर्धा तास झाकून ठेवला. त्याच संत्र्यांचा 120 मिलिलिटर रस गाळून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर 30 मिलिलिटर होईपर्यंत आटवला आणि पुरता गार होऊ दिला. लोणी 100 ग्रॅम, बिनमिठाचे आणि विकतचे. सासूबाईंनी घरचे लोणी सुचवले होते, पण घरच्या लोण्यात ताकाचा अंश दर खेपेला कमी-जास्त राहतो आणि इथे पाण्याचा हिशेब चुकवून चालत नाही. बोट दाबले की खळगी पडावी, पण बोट आत रुतू नये, इतपतच ते नरम झाले होते. त्यात वासाची साखर आणि 20 ग्रॅम गुळाची पावडर घालून लाकडी चमच्याने दोनच मिनिटे फेसले. जास्त फेसले की हवा भरते आणि पुन्हा केकाकडे वाट जाते. मग 30 ग्रॅम चक्का, त्यामागून आटवलेला रस. दुसऱ्या भांड्यात 180 ग्रॅम मैदा, 15 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, पाव लहान चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घेतले होते. कॉर्नफ्लोअरमुळे मैद्याचा चिवटपणा कमी होतो. कोरडे मिश्रण दोन वेळा मिळून घातले आणि मैद्याची पांढरी रेघ दिसेनाशी होताच हात थांबवला. पीठ चपातीच्या कणकेसारखे मळण्याचा मोह होतो, तो आवरावा लागतो.

पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे एकोणीस गोळे झाले. ते तासभर फ्रीजमध्ये ठेवले, मग हाताने किंचित दाबून ट्रेवर तीन बोटे अंतर सोडून मांडले आणि ट्रे मधल्या कप्प्यात सरकवला. सहाव्या मिनिटाला गोळ्यांची चकाकी गेली. नवव्या मिनिटाला कडांना आकार धरला. अकराव्या मिनिटाला कडा कोरड्या आणि फिकट बिस्किटी रंगाच्या दिसत होत्या, मध्यभाग मात्र फुगीर, ओलसर आणि उघड उघड कच्चा दिसत होता. काचेतून बघताना माझे मन ट्रे आणखी पाच मिनिटे आत ठेवायला सांगत होते. मी तो बाहेर काढला. बोटाने हलकेच स्पर्श केला तर मध्यभाग पुरणाच्या गोळ्यासारखा दबत होता. अशा वेळी कुकी उचलायला जाऊ नये, ती मोडते. तापलेल्या ट्रेची उष्णता पुढची दहा मिनिटे खालून काम करत राहते आणि उरलेले भाजणे तिथेच पूर्ण होते. हळूहळू मध्यभाग खाली बसला, वर बारीक भेगा पडल्या, आणि दहाव्या मिनिटाला उलथन्याने पहिली कुकी सुटी होऊन अख्खी वर आली. कोमट असतानाच तीन चमचे पिठीसाखर आणि दीड चमचा लिंबाचा रस घोटून केलेला पातळ लेप तुपाच्या कुंचल्याने वर फिरवला. तो वाळून काचेसारखा तलम झाला. सोड्याने खाऊन टाकलेला आंबटपणा या लेपातून परत मिळतो आणि जिभेला सर्वांत आधी तोच लागतो.

सासूबाईंची पूजा आटोपल्यावर मी बशीत दोन कुकीज ठेवल्या आणि शेजारी चहाचा कपही ठेवला. त्यांनी एक हातात घेतली, सवयीने चहाकडे नेली, मग थांबून दोन बोटांनी मोडून पाहिली. ती तुटली नाही, आधी वाकली आणि मग दोन तुकडे झाले, आत नारिंगी किसाचे बारीक ठिपके दिसले. त्यांनी एक तुकडा पुढच्या दातांनी तोडला आणि बराच वेळ तोंडात घोळवला. चहा तसाच निवत राहिला. दुसरी कुकी संपवून त्यांनी विचारले, "ह्यात दही घातलंयस न्हवं?" चक्का घातल्याचे सांगताच त्यांनी मान डोलवली आणि रिकामी बशी माझ्याकडे दिली.

या कुकीज घट्ट झाकणाच्या डब्यात चार दिवस चांगल्या राहतात. तिसऱ्या दिवशी किंचित कोरड्या वाटल्या तर डब्यात पावाची एक चकती ठेवावी. पावातला ओलावा कुकीज ओढून घेतात आणि सकाळपर्यंत पाव कडक झालेला असतो. लेप न लावलेल्या कुकीज जास्त टिकतात, पण माझ्या मते लेपाशिवाय त्या अर्ध्याच आहेत. अंडे चालणाऱ्यांनी चक्क्याऐवजी एक पिवळा बलक घालून पाहावा, मात्र मग सोडा चिमूटभरावर आणावा, कारण चक्क्याचे आम्ल तिथे नसते. संत्री नसताना नुसत्या लिंबाच्या किसावर मी एक घाणा केला होता. तोही चांगला झाला, फक्त लिंबे पाच लागली आणि बोटे दुखली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कपिलतीर्थ मार्केटमधल्या त्याच मावशींनी शेवटची संत्री आल्याचे सांगितले. मी दोन डझन आणली. त्या दिवशी सासूबाई माझ्यासमोर जायफळाची किसणी घेऊन बसल्या आणि त्यांनी माझ्यापेक्षा हलक्या हाताने, एकाही संत्र्याला पांढरे न लावता, बारा संत्री किसली. तो सगळा कीस साखरेत चोळून दोन काचेच्या बाटल्यांत दाबून भरला आणि फ्रीजरमध्ये ठेवला. बाटल्यांवर तारीख लिहिताना त्यांनी मला सांगितले, "दिवाळीला बेकरीत न्यायचा मैदा एक किलो कमी घे."